निफाडचा गारठा आणि पितळेची नळी

डिसेंबर निम्मा सरला की निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागाईतदाराच्या घरात रात्रीची झोप तुकड्या-तुकड्यांनी होते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा कितीवर आला, हा आकडा उजाडायच्या आत फोनवर फिरायला लागतो. आठ असला तर माणूस कूस बदलतो. पाचावर आला की शाल गुंडाळून थेट बागेत. त्या दिवसांत घडांत पाणी उतरत असतं. गारठा बसला की मण्यांची फुगवण थांबते, मण्यांना तडे जातात, थॉमसन जातीच्या बागेत पिंक बेरी, म्हणजे गुलाबी पडलेले मणी, दिसायला लागतात आणि निर्यातीचा माल बघता बघता स्थानिक बाजाराचा होतो. म्हणून ओळींच्या तोंडाशी छाटणीच्या काड्यांच्या शेकोट्या पेटतात, विहिरीवरची मोटार चालू होते. मी नाशिकला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, पण बाग गावी आहे आणि सुट्टीत माझीही पाळी असते.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका पहाटे मी लांबून तापमान मोजणारी बंदूक सोबत नेली होती. करोनात कपाळासमोर धरायचे तसलीच, फक्त कारखान्यात वापरतात ती, उणे पन्नासपर्यंत मोजणारी. हजार-बाराशेला मिळते. खांबाला टांगलेला साधा थर्मामीटर सहा अंश दाखवत होता. बंदूक जमिनीवर धरली, नऊ. मांडवावरच्या पानांवर धरली, चार. माझे चुलते शेजारी उभे होते, आम्ही त्यांना नाना म्हणतो. पान हवेपेक्षा गार कसं, असं त्यांनी विचारलं. मी काही बोललो नाही, बंदूक सरळ वर चांदण्यांकडे धरली. उणे चौतीस.

नानांनी ती माझ्या हातातून घेतली. शेकोटीवर धरली, पुन्हा वर धरली, आपल्या तळहातावर धरली, पुन्हा वर. चार-पाच वेळा असं झालं. मग म्हणाले, "म्हंजी पानाची ऊब तिकडं चालली. मधी अडवायला कायच नाही."

हे वाक्य मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे, समीकरणांसकट. इतक्या स्वच्छ शब्दांत मला ते कधी मांडता आलं नव्हतं. आभाळ निवळलं की थंडी वाढते हे नानांना लहानपणापासून ठाऊक होतं, पण का वाढते हे त्यांना त्या पाच मिनिटांत दिसलं, कारण वस्तू त्यांच्या हातात होती आणि आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर हलत होता. माझं सगळं म्हणणं या पाच मिनिटांबद्दल आहे. प्रयोगशाळेच्या कुलपाआड असलेले प्रयोग लोकांच्या व्यासपीठावर आले पाहिजेत, मराठीत आले पाहिजेत आणि नाशिकने त्याची सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं. का, ते सांगायचं तर मला १८५९ सालात जावं लागेल.

त्या वर्षी मे-जूनमध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळघरात जॉन टिंडल हा आयरिश शास्त्रज्ञ नेमक्या याच प्रश्नाशी झगडत होता. हवेतले वायू प्रकाशाला आरपार जाऊ देतात हे दिसतंच. पण उष्णतेचे जे न दिसणारे किरण असतात, त्यांनाही जाऊ देतात का? त्याने पितळेची साधारण चार फुटांची नळी घेतली. एका टोकाला उकळत्या पाण्याचं चौकोनी भांडं, दुसऱ्या टोकाला उष्णतेची किंचित चाहूल लागली तरी वीज निर्माण करणारं उपकरण आणि त्याला जोडलेली नाजूक सुई. नळीत वायू कोंडायचा तर तोंडं बंद करायला हवीत. काच लावून चालत नाही, कारण काच उजेड सोडते आणि उकळत्या भांड्याची धग मात्र गिळते. त्याने लावलं सैंधव. आपल्या उपवासाच्या डब्यात असतं तेच सैंधव मीठ, मोठ्या स्वच्छ खड्यातून कापून घासून काचेसारखं केलेलं. सैंधवातून धग आरपार जाते. स्वयंपाकघरातली ही वस्तू हवामानाच्या विज्ञानाच्या पायाशी आहे, हे मला कळलं तेव्हा मी नोकरीला लागून कितीतरी वर्षं झाली होती. शाळेत कुणी सांगितलं असतं तर!

नळीत ऑक्सिजन भरला, नायट्रोजन भरला, हायड्रोजन भरला. सुई जवळजवळ हलेना. हवेचा सगळा मोठा भाग धगीच्या दृष्टीने असून नसल्यासारखा निघाला. मग दिव्यांसाठी वापरायचा कोळशाचा वायू भरला आणि सुई सरकली. पुढे कार्बन डायऑक्साइड, इथिलीन, पाण्याची वाफ. हवेत चिमूटभर असणारे हे वायू धग अडवतात आणि त्यांत पाण्याच्या वाफेचं काम सर्वांत मोठं, हे त्याने मोजून दाखवलं. १० जून १८५९ ला त्याने हा प्रयोग भरलेल्या सभागृहात करून दाखवला, अध्यक्षस्थानी राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट होते. एका उन्हाळी रात्रीपुरती जरी इंग्लंडवरच्या हवेतली वाफ काढून घेतली, तरी गारठ्याने मरू शकणारं प्रत्येक झाड मरेल, अशा अर्थाचं त्याने पुढे लिहून ठेवलं. त्याने निफाड पाहिलं नव्हतं. आमच्याकडे उत्तरेचं कोरडं वारं येतं, वाफ जाते, आभाळ निवळतं आणि वारा पडला की पहाटे नेमकं हेच घडतं.

इथे एक अन्याय नोंदवायलाच हवा. टिंडलच्या तीन वर्षं आधी, १८५६ मध्ये, अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली होती. दमट हवा आणि कार्बन डायऑक्साइड जास्त तापतात आणि हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी जास्त उबदार असेल, हे त्यांनी लिहिलं. तो निबंध ऑल्बनीच्या परिषदेत वाचला गेला, वाचला मात्र जोसेफ हेन्री या पुरुष शास्त्रज्ञाने. उन्हाची उष्णता आणि जमिनीची न दिसणारी धग वेगळी काढून मोजणं फूटबाईंच्या साधनांनी शक्य नव्हतं, ते टिंडलने केलं. पण पहिलं पाऊल त्यांचं होतं आणि पुढची दीडशे वर्षं त्यांचं नाव जवळजवळ कुणी घेतलं नाही. मी व्यासपीठाचा आग्रह धरतो तेव्हा त्यावर कोण उभं राहतं हाही माझा प्रश्न असतो.

आता टिंडलकडे परत येतो, कारण त्याचं आयुष्यच माझ्या म्हणण्याचा आधार आहे. १८२० साली आयर्लंडमधल्या लेलिनब्रिज गावात जन्म, वडील पोलीस शिपाई. शिक्षण गावच्या शाळेत. एकोणिसाव्या वर्षी जमीन मोजणीच्या सरकारी खात्यात लागला. पगार आणि वागणूक यांबद्दल सहकाऱ्यांसोबत तक्रार केली म्हणून १८४३ मध्ये काढून टाकलं. मग रेल्वेची मोजणी, मग शाळेत मास्तरकी. अठ्ठाविसाव्या वर्षी साठवलेले पैसे घेऊन जर्मनीत मारबुर्गला गेला, जेमतेम येणाऱ्या भाषेत शिकला आणि दोन वर्षांत डॉक्टरेट घेतली. १८५३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाला, तिथे मायकेल फॅरडे होते. फॅरडे लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार. १८१२ मध्ये कुणीतरी त्यांना याच सभागृहातल्या रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींच्या व्याख्यानांची तिकिटं दिली, त्यांनी बसून टिपणं काढली, ती बांधून डेव्हींना पाठवली आणि त्यातून ते तिथे लागले. विजेच्या मोटारीचं आणि जनित्राचं तत्त्व ज्यांनी दिलं ते फॅरडे प्रेक्षकांच्या बाकावरून आले, ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगतो आणि दर वर्षी माझाच आवाज थोडा जड होतो.

त्याच सभागृहात टिंडल वर्षानुवर्षं बोलत राहिला. कामगारांसाठी वेगळी व्याख्यानं दिली. १८६२ ची उष्णतेवरची व्याख्यानं पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आली. एक प्रयोग तर आजही अंगावर काटा आणतो. तो प्रखर दिव्याचा झोत आयोडिनच्या काळ्या द्रावणातून सोडायचा. उजेड सगळा अडायचा, टेबलावर अंधार. पण धग जिथे एकवटायची, तिथे त्या अंधारात कागद धरला की तो पेट घ्यायचा आणि प्लॅटिनमचा पातळ पत्रा लाल होऊन चमकायचा. उजेड आणि धग ही एकाच कुळातली भावंडं आहेत, हे यापेक्षा चांगलं कसं सांगणार?

यावर माझे काही सहकारी म्हणतात की हा झाला रंजनाचा भाग, खरं विज्ञान शांतपणे शोधनिबंधांत होतं. मला हे पटत नाही. टिंडलने तापलेल्या प्लॅटिनमच्या तारेतून किती धग बाहेर पडते ते मोजलं होतं. जेमतेम लाल दिसणाऱ्या तारेपेक्षा पांढऱ्याशुभ्र तारेची धग ११.७ पट भरली. १८७९ मध्ये व्हिएन्नात भौतिकशास्त्रज्ञ योझेफ स्टेफान यांनी हे आकडे हाती घेतले. लाल म्हणजे ५२५ अंश सेल्सिअस, पांढरी म्हणजे १२०० अंश. निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे उणे २७३ अंशांपासून, मोजली तर ७९८ आणि १४७३. दोघांच्या गुणोत्तराचा चौथा घात काढला तर उत्तर ११.६ येतं. तापमानाच्या चौथ्या घाताने धग वाढते हा नियम इथून निघाला, आणि या वाटेने पुढे जात १९०० साली मॅक्स प्लँक पुंज (क्वांटम) सिद्धांताच्या उंबरठ्याशी पोचले. लोकांना दाखवणारा आणि बारकाईने मोजणारा माणूस एकच होता. दाखवायचं म्हटलं की उपकरण चुकून चालत नाही, कारण सभागृहात पाचशे डोळे सुईवर असतात.

आपल्याकडे असं कधी झालंच नाही, असंही नाही. कोलकात्यात डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये जी विज्ञानसंस्था काढली, तिच्यासाठी त्यांच्या डोळ्यांसमोर रॉयल इन्स्टिट्यूशनच होती. लोकांसाठी व्याख्यानं, प्रयोग, वर्गणीतून उभी केलेली इमारत. १९०७ मध्ये अर्थखात्यात नोकरीला आलेल्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांना याच संस्थेचं दार उघडं मिळालं, ते कचेरीच्या आधी आणि नंतर तिथे काम करायचे. आकाश निळं का, या प्रश्नावर टिंडलने बारीक कणांनी प्रकाश कसा विखुरतो ते दाखवलं, इंग्रज शास्त्रज्ञ रॅले यांनी त्याचं गणित मांडून हवेचे रेणूच त्याला पुरेसे आहेत हे सिद्ध केलं आणि १९२१ च्या समुद्रप्रवासात रामन यांनी तोच धागा समुद्राच्या निळाईपर्यंत नेला. २८ फेब्रुवारी १९२८ चा रामन परिणामाचा शोध त्यातूनच पुढे आला. तो दिवस आपण विज्ञान दिन म्हणून पाळतो. बहुतेक ठिकाणी फलक लागतो, भाषण होतं, रांगोळी स्पर्धा होते. ज्या गोष्टीमुळे तो दिवस आला, ती उघड्या दाराची प्रयोगशाळा मात्र त्या दिवशीही बंद असते.

मी ज्या शाळेत शिकलो तिथे उष्णतेच्या आणि प्रकाशाच्या उपकरणांचं काचेचं कपाट होतं. लोलक, अंतर्गोल आरसे, तांब्याचे उष्णतामापी, सगळं होतं. दहावीपर्यंत ते एकदाच उघडलेलं मला आठवतं, तपासणीला साहेब आले तेव्हा. प्रात्यक्षिकाची वही आम्ही आदल्या वर्षीच्या वहीवरून उतरवली, निरीक्षणांच्या आकड्यांसकट. शिक्षक वाईट नव्हते. वस्तू फुटली तर भरपाई कोण देणार ही भीती खरी होती, आणि ती भीती कुणी दूर केली नाही. आज मी शिकवतो तेव्हा टिंडल हे नाव रसायनशास्त्राच्या पुस्तकात कलिलाच्या (कोलॉइडच्या) धड्यापाशी मुलांना भेटतं, दोन गुणांच्या उत्तरापुरतं. शेताकडच्या घरातून आलेल्या, शेकोटीचा धूर डोळ्यांत गेलेल्या माझ्या विद्यार्थ्याला हा माणूस आपल्या बागेविषयी बोलत होता, हे कुणी सांगत नाही.

आणि हे कळल्याने हातातलं काम बदलतं. नानांनी त्या पहाटे लगेच विचारलं, मग धुराचं काय? आमच्याकडे समज असा की धूर पांघरुणासारखा पसरला की बाग वाचते, म्हणून ओला पाला टाकून मुद्दाम धूर करतात. पण धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीची धग अडवायला ते फारसे उपयोगाचे नाहीत. फायदा होतो तो विस्तवाच्या उष्णतेचा आणि खालची गार हवा वरच्या उबदार हवेत मिसळण्याचा. म्हणून एक मोठी आग पेटवण्यापेक्षा लहान लहान पुष्कळ शेकोट्या बऱ्या, मोठ्या आगीची उष्णता सरळ वर निघून जाते. मग आम्ही बंदूक घडांवर धरली. उघड्या घडावर चार अंश, पेपर लावलेल्या शेजारच्या घडावर पेपर बाजूला करून पाहिलं तर सहा. त्या घडाला आभाळ दिसत नव्हतं, कागद दिसत होता. पेपर लावायचं नानांना कुणीतरी सांगितलं होतं म्हणून ते लावत होते. त्या दिवसापासून घडाच्या वरची बाजू उघडी राहू नये याकडे ते स्वतः लक्ष देतात.

मोबाइलवर सगळे प्रयोग बघायला मिळतात, मग व्याख्यानमाला कशाला, असं मला विचारलं जातं. पडद्यावरचा प्रयोग कधी फसत नाही आणि त्याला प्रश्न विचारता येत नाही. "पुन्हा करा, या वेळी माझा हात ठेवून," असं म्हणता येत नाही. नानांनी बंदूक आपल्या तळहातावर धरून पाहिली, ते महत्त्वाचं होतं. आकडा खरा आहे की नाही हे त्यांनी ओळखीच्या वस्तूवर तपासून घेतलं आणि मगच आभाळावर विश्वास ठेवला.

भाषेचा मुद्दाही मला जवळचा आहे. या न दिसणाऱ्या धगीला अवरक्त प्रारण म्हटलं की समोरचा गप्प होतो. आणि आपल्या रोजच्या बोलण्यात मात्र चुलीची धग आहे, उन्हाची झळ आहे, गोधडीची ऊब आहे. धग म्हणजे न शिवता लांबून लागणारी उष्णता. ऊब म्हणजे धरून ठेवलेली. भौतिकशास्त्र जो फरक शिकवतं तो आमच्या आज्यांच्या बोलण्यात आधीच आहे. परिभाषा जरूर हवी, मी ती वर्गात वापरतो, पण दार या शब्दांचं असावं. २०२१ मध्ये नाशिकला झालेल्या ९४ व्या साहित्य संमेलनासाठी आपण जयंत नारळीकरांना अध्यक्ष निवडलं. प्रकृतीमुळे ते इथे येऊ शकले नाहीत, पण विज्ञान मराठीत सांगणाऱ्या माणसाला हा मान देणारं गाव आपलं होतं, हे मी विसरत नाही. त्या मानाला पुढचं काम जोडायचं राहिलं आहे.

टिंडलची पूजा करा, असं मी म्हणत नाही. जमैकात १८६५ चा उठाव रक्तात बुडवणाऱ्या गव्हर्नर आयरच्या बाजूने तो उभा राहिला होता, आणि ज्या आयर्लंडमध्ये जन्मला तिथल्या स्वराज्याच्या मागणीला त्याचा विरोध होता. गुलामगिरीतून वर आलेल्या देशातला वाचक म्हणून हे मला बोचतं. पण १८७२-७३ मध्ये अमेरिकेत व्याख्यानं देऊन मिळालेली सुमारे १३ हजार डॉलरची सगळी शिल्लक त्याने तिथल्याच भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवून दिली, हेही तेवढंच खरं. ४ डिसेंबर १८९३ ला पत्नीच्या हातून चुकीच्या बाटलीतलं झोपेचं औषध दिलं गेलं आणि तो गेला.

नाशिकला जे हवं त्यातलं बरंचसं आधीच आहे. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, तारांगण आहे, मुक्त विद्यापीठ आहे. आणि मे महिन्यात गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते, तिला पिढ्यान्‌पिढ्यांचा श्रोता आहे. तिथे सतरंजीवर बसून ऐकणारा माणूस कुठल्याही विषयाला घाबरत नाही, हे मी स्वतः तिथे बसून पाहिलं आहे. माझी मागणी इतकीच की त्यातल्या काही संध्याकाळी माइकशेजारी एक टेबल ठेवावं. तालुक्यांच्या गावी द्राक्ष आणि कांद्याचे मेळावे होतात, तिथेही तेच टेबल जावं. शाळांना उपकरणं फोडायची मुभा द्यावी, म्हणजे दर वर्षी थोडी रक्कम मोडतोडीसाठी म्हणूनच मंजूर असावी. आणि टेबलामागे मुली उभ्या असाव्यात, निबंध दुसऱ्या कुणी वाचू नये.

सैंधवाच्या घासलेल्या तावदानांची आज गरज नाही. उकळत्या पाण्याचं पातेलं, खिडकीची काच, कचऱ्याची पातळ काळी प्लास्टिकची पिशवी आणि ती बंदूक एवढं पुरे. काच मध्ये धरली की पातेलं डोळ्यांना दिसतं, पण बंदुकीला दिसत नाही, ती काचेचंच तापमान सांगते. काळी पिशवी धरली की पातेलं डोळ्यांआड होतं आणि बंदूक मात्र पिशवीतून त्याची धग बरोबर पकडते. शंभर माणसांसमोर हे केलं तर शंभर जण एकदम पुढे सरकतात. मी गावच्या पारावर करून पाहिलं आहे.

व्याख्यानमालेत अशी एक संध्याकाळ मिळाली तर नाना यायला तयार आहेत. कार्यक्रम अंधार पडल्यावर ठेव, असं त्यांनी बजावलं आहे. मे महिन्यातलं आभाळ किती अंश दाखवतं, ते त्यांना गोदावरीच्या काठावर उभं राहून बघायचं आहे.